प्रशिक्षक रे मेयर: बेचाळीस वर्षांची सेवा आणि वारसाचा प्रश्न

मार्च १९८४. अमेरिकेतील सेंट लुईस शहराच्या क्रीडागृहात शिकागोच्या डी पॉल विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ वेक फॉरेस्ट विद्यापीठाशी झुंजत होता. विजय अगदी हाताशी आला होता. परंतु नियमित वेळ संपता संपता प्रतिस्पर्ध्यांनी बरोबरी साधली आणि अतिरिक्त वेळेत सामना ७३ विरुद्ध ७१ असा निसटला. या पराभवाबरोबर डी पॉलचे स्पर्धेतील आव्हान संपले. त्याचबरोबर सत्तर वर्षांच्या रे मेयर यांची प्रशिक्षकपदाची कारकीर्दही संपली. १९४२ साली ते या बाकावर प्रथम बसले, तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होते. ते उठले तेव्हा त्यांच्या नावावर ७२४ विजय आणि ३५४ पराभव होते. मधल्या बेचाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयाची नोकरी केली नाही.

सामना हरल्याचे दुःख मोठेच होते, परंतु त्या दिवशी एक गोष्ट मात्र निश्चित होती. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न कोणालाही पडलेला नव्हता. उत्तर त्यांच्या शेजारीच, त्याच बाकावर बसलेले होते. ते उत्तर पुढे किती अवघड ठरणार आहे, याची कल्पना मात्र त्या वेळी कोणाला नसावी.

रेमंड जोसेफ मेयर यांचा जन्म १८ डिसेंबर १९१३ रोजी शिकागो शहरात एका मोठ्या कॅथलिक कुटुंबात झाला. त्या काळचे शिकागो म्हणजे जर्मन, आयरिश, पोलिश, इटालियन अशा स्थलांतरितांचे शहर. प्रत्येक वस्तीला तिचे चर्च, चर्चला तिची शाळा आणि शाळेला लागून खेळण्याची जागा. एखाद्याला त्याचा पत्ता विचारला तर तो रस्त्याचे नाव न सांगता आपल्या धर्मग्रामाचे नाव सांगत असे. वसई, उत्तन किंवा वांद्र्याच्या वाचकांना याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

लहानग्या रेची पहिली ओढ वेदीकडे होती. धर्मगुरू होण्याच्या विचाराने तो शिकागो महाधर्मप्रांताच्या क्विग्ली प्रिपरेटरी सेमिनरीत दाखल झाला. अनेक मुलांप्रमाणे त्यालाही पुढे उमगले की आपले पाचारण वेगळे आहे. त्याने सेंट पॅट्रिक अकॅडमीत प्रवेश घेतला आणि तेथे बास्केटबॉलने त्याच्या मनाचा पुरता ताबा घेतला. १९३२ साली त्या शाळेने कॅथलिक शाळांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ही स्पर्धा जेज्वीट धर्मगुरूंच्या लोयोला विद्यापीठात भरत असे आणि देशभरातील कॅथलिक शाळा तिच्यासाठी शिकागोस येत. त्या विजयी संघात रे मेयर होते.

याच तरुण वयात त्यांनी सेंट ॲग्नेस या धर्मग्रामाच्या मुलींच्या संघाला खेळ शिकविण्याचे काम पत्करले. त्या संघातील मार्ज डिलेनी ही पुढे त्यांची पत्नी झाली. मेयर यांच्या आयुष्यातील सर्वांत यशस्वी निवड कोणती, याचे उत्तर शिकागोतील जुनी माणसे बास्केटबॉलच्या मैदानाकडे न पाहताच देत असत. तेथून ते इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठात गेले. होली क्रॉस धर्मसंघाच्या या संस्थेचे नाव अमेरिकन कॅथलिकांमध्ये मोठ्या अभिमानाने घेतले जाते. १९३६ च्या तेथील विजेत्या संघात ते खेळले आणि पुढे सलग दोन वर्षे संघनायक झाले. त्यांचे प्रशिक्षक जॉर्ज कीओगन हे कडक शिस्तीचे, परंतु हृदयविकाराने जर्जर झालेले गृहस्थ होते. १९४० मध्ये कीओगन यांची प्रकृती ढासळली, तेव्हा मदतीसाठी त्यांनी आपल्या या जुन्या शिष्याला बोलावून घेतले. गुरूच्या आजारपणात संघ सांभाळणे हेच मेयर यांचे खरे प्रशिक्षण ठरले. फेब्रुवारी १९४३ मध्ये कीओगन यांचे निधन झाले. त्या वेळी मेयर शिकागोत स्वतःचा पहिला हंगाम खेळवीत होते.

डी पॉल विद्यापीठाचा परिचय येथे थोडक्यात करून देणे आवश्यक आहे. संत विन्सेंट डी पॉल हे नाव आपल्या वाचकांना अपरिचित नाही. त्यांच्या नावाची सोसायटी आपल्या अनेक धर्मग्रामांत गरजूंच्या घरी धान्य आणि औषधे पोहोचविते. त्याच संताने सतराव्या शतकात फ्रान्समध्ये स्थापन केलेल्या धर्मसंघाच्या धर्मगुरूंनी १८९८ साली शिकागोत एक महाविद्यालय सुरू केले. स्थलांतरितांच्या मुलांना उच्च शिक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू होता. १९०७ मध्ये त्याला डी पॉल हे नाव मिळाले. विस्तीर्ण हिरवळी, वसतिगृहे, घंटाघरे असे तेथे काही नव्हते. उन्नत रेल्वेच्या रुळांना खेटून उभ्या असलेल्या चार इमारती आणि रोज घरून डबा घेऊन येणारे, संध्याकाळी कुठेतरी काम करणारे विद्यार्थी, असे हे महाविद्यालय होते. बास्केटबॉलसाठी जी जुनी इमारत होती तिला लोक कोठार म्हणूनच ओळखत. अशा ठिकाणी अठ्ठावीस वर्षांचे मेयर आले.

आणि तेथे त्यांना जॉर्ज मायकन भेटला.

मायकनची उंची सहा फूट दहा इंच. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. चालताना स्वतःच्याच पायांत अडखळेल असा तो मुलगा होता. त्यानेही काही काळ क्विग्ली सेमिनरीत शिक्षण घेतले होते. नोत्र दाममध्ये चाचणी देऊन तो निराश होऊन परतला होता. कीओगन यांना त्याच्यात खेळाडू दिसला नाही. त्या काळी इतकी उंच माणसे बास्केटबॉलला अयोग्यच समजली जात. हा खेळ चपळ, मध्यम उंचीच्या मुलांचा, असा सर्वमान्य समज होता. गुरूने जे नाकारले ते शिष्याने उचलले. मेयर यांनी या मुलाला दोरीवरच्या उड्या मारावयास लावल्या आणि मुष्टियोद्ध्याप्रमाणे हवेत ठोसे मारण्याचा सराव दिला. त्याचे पाय तालात पडावेत म्हणून महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीकडून त्याला नृत्याचे धडेही देवविले. मैदानावर लहान चणीच्या, वेगवान खेळाडूंचा पाठलाग करण्याचे काम त्याच्याकडे होते. शिवाय रोज बास्केटच्या खाली उभे राहून आलटून पालटून उजव्या आणि डाव्या हाताने शेकडो वेळा चेंडू टाकायचा. हा सराव आज जगभरातील शाळांमध्ये मायकनच्या नावाने शिकविला जातो. बास्केटबॉल शिकणाऱ्या मुलांना, मग ती मुंबईच्या नागपाड्यातली का असेनात, तो केव्हा ना केव्हा करावाच लागतो. तो प्रथम कोणी करून घेतला, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

फळ लगेच दिसले. पहिल्याच हंगामात, १९४३ मध्ये, डी पॉलचा संघ राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला. जॉर्जटाऊन या जेज्वीट विद्यापीठाने त्यांना ५३ विरुद्ध ४९ असे हरविले. दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कच्या निमंत्रितांच्या स्पर्धेचा अंतिम सामना झाला. त्यात प्रतिस्पर्धी होते सेंट जॉन्स, म्हणजे विन्सेंशियन धर्मगुरूंचेच दुसरे विद्यापीठ. घरातल्या घरातच झालेल्या त्या सामन्यात डी पॉल हरले. १९४५ मध्ये मात्र त्यांना कोणी अडवू शकले नाही. ऱ्होड आयलंड स्टेट या संघाविरुद्ध डी पॉलने ९७ गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांनी ५३. मायकनचे एकट्याचे गुणही ५३ होते. अंतिम सामन्यात बोलिंग ग्रीनला ७१ विरुद्ध ५४ असे हरवून डी पॉलने ही स्पर्धा जिंकली. आज ती दुय्यम मानली जाते, परंतु त्या काळात तिला मोठी प्रतिष्ठा होती.

मायकन आणि ओक्लाहोमाचा तितकाच उंच बॉब कर्लंड हे दोघे बास्केटच्या तोंडाशी उभे राहून खाली येणारा चेंडू हाताने परतवून लावीत. अखेर १९४४-४५ च्या हंगामात नियमच बदलावा लागला आणि असे करण्यास मनाई झाली. नोत्र दामने नाकारलेल्या मुलासाठी खेळाचे नियम बदलले गेले. पुढे मायकन व्यावसायिक खेळाडू झाला. मिनियापोलिस लेकर्सला त्याने एकामागून एक विजेतेपदे मिळवून दिली. १९५० मध्ये वृत्तसंस्थेच्या मतदानात त्याची अर्ध्या शतकातील सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू म्हणून निवड झाली.

येथे एखाद्या चरित्रकाराला थांबण्याचा मोह होईल. तिशी उलटते न उलटते तोच मेयर यांनी जे मिळविले, ते पुष्कळांना आयुष्यभरात मिळत नाही. परंतु प्रस्तुत लेखकाला त्यानंतरची तीस वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात, कारण त्या वर्षांत सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही. मायकन गेला आणि दुसरा मायकन आला नाही. काही हंगाम चांगले गेले, काही बेताचे. १९५६ मध्ये अलम्नाय हॉल हे नवे क्रीडागृह झाले. त्यात सुमारे पाच हजार प्रेक्षक बसू शकत. मोठ्या राज्य विद्यापीठांशी तुलना करता ही जागा किरकोळच होती. खेळाडू मिळविण्यासाठी देशभर फिरण्याइतका पैसा महाविद्यालयाकडे नव्हता. घरखर्च भागविण्यासाठी मेयर उन्हाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातील थ्री लेक्स येथे मुलांसाठी बास्केटबॉलचे शिबिर चालवीत. १९५० च्या दशकात ते महाविद्यालयीन खेळाडूंचा निवडक संघ घेऊन हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या सुप्रसिद्ध कृष्णवर्णीय संघाबरोबर गावोगाव सामने खेळत हिंडले. मैदानावर ते तापट होते. पाय आपटणे, पंचांवर ओरडणे नित्याचेच. मात्र सामना संपला की राग उतरत असे, आणि ज्या मुलाला त्यांनी सर्वांत अधिक बोल लावले तोच पुढे स्वतःच्या लग्नाचे निमंत्रण घेऊन त्यांच्या दारी येई.

१९७०-७१ चा हंगाम सर्वांत वाईट गेला. आठ विजय आणि सतरा पराभव. मेयर सत्तावन्न वर्षांचे होते. काळ त्यांना मागे टाकून पुढे गेला आहे, असे कुजबुजले जाऊ लागले. त्याच संघात त्यांचा मुलगा जोई खेळत होता. त्याचा थोरला भाऊ टॉम हाही वडिलांच्याच हाताखाली डी पॉलसाठी खेळून गेला होता. पुढे शिकागोतच इलिनॉय विद्यापीठाच्या संघाचा तो प्रशिक्षक झाला. जोई मात्र पदवीनंतर वडिलांचा साहाय्यक म्हणून डी पॉललाच परतला.

मेयर यांची दुसरी कारकीर्द येथून सुरू झाली, आणि तिचे बरेचसे श्रेय जोईला द्यावे लागते. शिकागोच्या सरकारी शाळांच्या आवारात देशातील उत्तमोत्तम खेळाडू घडत होते आणि दूरच्या विद्यापीठांत निघून जात होते. जोई त्या शाळांत जाऊ लागला. मुलांच्या घरी बसून आईवडिलांशी बोलू लागला. रेल्वेने अर्ध्या तासात पोहोचता येईल अशा महाविद्यालयात मुलगा शिकला तर आई प्रत्येक सामना पाहू शकेल, हा साधा मुद्दा त्याच्या हाती होता. डेव्ह कॉरझाइन आला, त्यानंतर मार्क अग्वायर आणि मग टेरी कमिंग्स, जो पेंटेकॉस्टल पंथाचा दीक्षित धर्मोपदेशक होता आणि कॅथलिक विद्यापीठाच्या संघात सुखाने खेळला. १९७८ मध्ये डी पॉलने सत्तावीस सामने जिंकले. तिसऱ्या पराभवाने त्यांचा हंगाम संपला, आणि तो पराभव नोत्र दामकडूनच झाला.

१९७९ साली संपूर्ण अमेरिकेला रे मेयर यांचा शोध लागला. यूसीएलए या बलाढ्य संघाला ९५ विरुद्ध ९१ असे नमवून डी पॉल अंतिम चार संघांत पोहोचले. १९४३ नंतर प्रथमच, तब्बल छत्तीस वर्षांनी. सॉल्ट लेक सिटीतील उपांत्य सामन्यात त्यांची गाठ लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेट संघाशी पडली. मेयर यांची भिस्त जेमतेम पाच-सहा खेळाडूंवर होती. बर्डने ३५ गुण केले आणि डी पॉलचा ७६ विरुद्ध ७४ असा पराभव झाला. परंतु पासष्ट वर्षांचे, आजोबांसारखे दिसणारे हे प्रशिक्षक दूरचित्रवाणीमुळे घरोघरी पोहोचले. त्याच वर्षी बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. सर्वसाधारणपणे हा मान निवृत्तांना मिळतो. मेयर यांना मात्र दुसऱ्या दिवशी सरावाला जायचे होते.

नंतरची तीन वर्षे म्हणजे वैभव आणि वेदना यांचे विलक्षण मिश्रण होय. १९८० मध्ये सव्वीस विजय व दोन पराभव, १९८१ मध्ये सत्तावीस व दोन, १९८२ मध्ये सव्वीस व दोन. आणि तिन्ही वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत पहिलाच सामना गमावला. १९८१ चा पराभव सर्वांत जिव्हारी लागणारा होता. सेंट जोसेफ्स या फिलाडेल्फियाच्या छोट्या जेज्वीट महाविद्यालयाविरुद्ध डी पॉल एका गुणाने पुढे होते आणि काही सेकंद उरले होते. संघातील भरवशाच्या खेळाडूचा फ्री थ्रो चुकला. प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन धावले आणि अखेरच्या क्षणी अगदी बास्केटखालून त्यांनी विजयी गुण केले. ४९ विरुद्ध ४८. देशातील अग्रमानांकित संघ घरी परतला. मोठे संघ छोट्या संघांकडून हरतात तेव्हा जग टाळ्या वाजविते. मायकनच्या काळात ज्या डी पॉलसाठी लोक टाळ्या वाजवीत, तेच आता बलाढ्य संघाच्या जागी उभे होते.

वैभवाची आणखी एक किंमत होती. प्रेक्षक वाढले, तसा अलम्नाय हॉल अपुरा पडू लागला. १९८० पासून संघाचे सामने शहराबाहेर, विमानतळाजवळच्या रोझमाँट होरायझन या प्रचंड सभागृहात होऊ लागले. बांधकाम चालू असताना १९७९ मध्ये त्याचे छत कोसळून पाच कामगार मृत्युमुखी पडले होते. तिकिटांचे उत्पन्न वाढले, परंतु वर्गातून उठून, पुस्तके बगलेत घेऊन सामन्याला जाणारा विद्यार्थी मात्र हळूहळू दिसेनासा झाला.

मेयर यांनी १९८३-८४ हा आपला अखेरचा हंगाम असेल, असे आधीच जाहीर केले. त्या हंगामाच्या आरंभी त्यांच्या नावावर ६९७ विजय होते, म्हणजे सातशेवा विजयही त्याच निरोपाच्या वर्षात मिळाला. उत्तराधिकारी ठरलेलाच होता. सुमारे दशकभर जोई वडिलांच्या शेजारी बसत होता आणि खेळाडू त्यानेच आणलेले होते. जाहिराती, मुलाखती, समित्या यांपैकी कशाचीच गरज भासली नाही. आपल्याकडेही एखाद्या शाळेचे किंवा संस्थेचे दीर्घकाळचे प्रमुख निवृत्त होतात, तेव्हा त्यांच्या हाताखाली वाढलेल्या व्यक्तीकडे सूत्रे जावीत असे सर्वांना वाटते. ते स्वाभाविक आहे. तरीही एक अडचण उरते. वडिलांच्या जागी मुलगा बसला की त्याचे यश वडिलांच्या पुण्याईचे ठरते आणि अपयश त्याचे स्वतःचे.

मार्ज मेयर १९८५ मध्ये निवर्तल्या. रे मेयर विद्यापीठाच्या अध्यक्षांचे विशेष साहाय्यक म्हणून निधी गोळा करण्याचे काम करू लागले आणि आकाशवाणीवरून संघाच्या सामन्यांचे समालोचनही करू लागले. म्हणजे मुलगा बाकावर आणि वडील काही अंतरावर ध्वनिक्षेपकासमोर. स्वतःच्या मुलाच्या चुका हजारो श्रोत्यांसमोर समजावून सांगण्याचे हे काम किती कठीण असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आरंभी सर्व सुरळीत होते. १९८६ मध्ये संघ राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम सोळांत पोहोचला. १९८७ मध्ये अठ्ठावीस सामने जिंकून पुन्हा तेथवर गेला. १९९० च्या दशकात मात्र दिवस फिरले. शिकागोच्या मुलांना आता साऱ्या देशातून बोलावणी येत होती आणि जोईचा तो साधा मुद्दा पूर्वीसारखा पटेनासा झाला. १९९६-९७ च्या हंगामात डी पॉलने केवळ तीन सामने जिंकले. एप्रिल १९९७ मध्ये जोई मेयर यांना पदावरून दूर करण्यात आले. तेरा हंगामांत त्यांनी २३१ विजय मिळविले होते.

त्यानंतर रे मेयर यांनी जे केले त्याची चर्चा शिकागोत बराच काळ चालली. त्र्याऐंशी वर्षांच्या या वृद्धाने विद्यापीठातील आपले पद सोडले. १९४२ पासूनचा पंचावन्न वर्षांचा संबंध त्यांनी तोडला. संस्थेची बाजू काही अगदीच चुकीची नव्हती. तीन विजयांच्या हंगामानंतर बदल करणे हे कोणत्याही व्यवस्थापनाचे कर्तव्य ठरते, आणि स्वतः मेयरही हे जाणून असणार. परंतु ज्या मुलाने १९७० च्या दशकात बुडती नाव किनाऱ्याला लावली, त्याला ज्या रीतीने निरोप मिळाला ती रीत बापाला सोसली नाही. संस्थेवरील निष्ठा आणि पोटच्या मुलावरील माया यांपैकी एकीची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी क्षणभरही आडपडदा ठेवला नाही. हे योग्य की अयोग्य, यावर दोन मते संभवतात. प्रस्तुत लेखक बापाच्या बाजूला झुकतो, हे कबूल केलेले बरे.

दुरावा कायमचा राहिला नाही. १९९९ मध्ये विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी उभारलेल्या नव्या व्यायाम व क्रीडा केंद्राला रे मेयर यांचे नाव दिले. २००३ च्या डिसेंबरमध्ये रोझमाँटच्या सभागृहातील मैदानाचे नामकरण झाले, तेव्हा त्यावर दोन नावे लिहिली गेली: रे आणि मार्ज मेयर. सेंट ॲग्नेसच्या संघातील त्या मुलीचे नाव बास्केटबॉलच्या मैदानावर आले, ही गोष्ट वृद्ध प्रशिक्षकांना स्वतःच्या नावापेक्षा अधिक सुखावून गेली असावी.

जून २००५ मध्ये जॉर्ज मायकन यांचे निधन झाले. त्यानंतर नऊ महिन्यांनी, १७ मार्च २००६ रोजी, संत पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी, रे मेयर यांनी वयाच्या ब्याण्णव्या वर्षी जगाचा निरोप घेतला. संत पॅट्रिकच्या नावाच्या शाळेतून त्यांचा खेळ सुरू झाला होता. तो मार्च महिना होता आणि राष्ट्रीय स्पर्धा चालू होती. जोई मेयर २०२३ च्या डिसेंबरमध्ये निवर्तले.

वारसाचा शोध मात्र डी पॉलला पुढे कित्येक वर्षे करावा लागला. जोईनंतर पॅट केनेडी आले, मग डेव्ह लेटाओ, जेरी वेनराइट, ऑलिव्हर पर्नेल, पुन्हा लेटाओ, मग टोनी स्टबलफील्ड आणि २०२४ मध्ये ख्रिस होल्टमन. बापलेकांनी मिळून पंचावन्न वर्षे जे आसन सांभाळले त्यावर त्यानंतरच्या सत्तावीस वर्षांत इतकी माणसे बसली. अनुभवी माणसे आणली, तरुण आणली, दूरच्या विद्यापीठांतून आणली. २००४ मध्ये संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळला आणि पुढची वीस वर्षे तेथे पाऊल ठेवू शकला नाही. यात दोष केवळ प्रशिक्षकांचा नव्हता. महाविद्यालयीन बास्केटबॉल हा तोवर अब्जावधी डॉलरांचा व्यवहार झाला होता. घरून डबा आणणाऱ्या मुलांच्या संघाला त्यात जागा उरली नव्हती.

आणि तरीही मेयर यांचा एक वारस त्याच इमारतीत, दुसऱ्या बाकावर, शांतपणे काम करीत होता. डग ब्रुनो हे १९७० च्या सुमारास रे मेयर यांच्या संघात खेळले. योगायोग असा की तेही क्विग्लीचेच, शहराच्या दक्षिण भागातील शाखेचे विद्यार्थी. १९७६ मध्ये त्यांनी डी पॉलच्या मुलींच्या संघाचे प्रशिक्षकपद घेतले. दोन वर्षांनी ते बाहेर पडले आणि १९८८ मध्ये परत आले. मुलांच्या संघासाठी मोठमोठ्या रकमांचे करार करून माणसे आणली जात होती, तेव्हा ब्रुनो मुलींच्या संघाला वर्षामागून वर्ष राष्ट्रीय स्पर्धेत नेत होते. त्यांच्या विजयांनी सातशेचा टप्पा ओलांडला. २०२५ साली त्यांनी पद सोडले, तेव्हा त्यांची जागा त्यांच्याच साहाय्यक जिल पिझोटी यांनी घेतली.